पिशवीवाली आजी

पेडणे-डिचोलीकडे घरटी एक तरी पिशवीवाली आजी असते. एरवी ती चारचौघींसारखीच. पण घरात दीड वर्षाचा नातू असला आणि रविवारी सहलीचा बेत ठरला, की तिच्या अंगात कोठीघर संचारतं.

बेत असतो आगगाडीतून दूधसागर पाहण्याचा. डिचोलीला रेल्वे नाही. पेडण्याला आली ती कोकण रेल्वेबरोबर, नव्वदच्या दशकात. मुरगाव बंदराकडून ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉकला जाणारा मार्ग मात्र १८८८ सालचा. त्याची गाडी धरायला आधी मडगाव गाठायचं. आजीची तयारी पाहून मडगाव काशीपलीकडे असावं असं वाटतं.

आदल्या रात्री पिशवी भरू लागते. झबली, दुपटी, दोन कुंच्या, नाचणीच्या सत्त्वाचा थर्मास, तूपभाताचा डबा, वेखंड, जायफळ आणि ते उगाळायला दगडी सहाण. दृष्ट काढायला मीठ-मिरच्या वेगळ्या पुडीत.

"आई, डायपर घेतलेत," सून सांगते.

"ते आसूं दी गो. हें लागतलें."

'लागतलें' या शब्दापुढे घरात कुणाचंच काही चालत नाही. सहाण जाते.

गाडीत मुलगा इतिहास सांगू लागतो. "बाब, हे कुळें! इथे पोर्तुगीज सामान तपासायचे, वर कॅसलरॉकला इंग्रज." बाबचं लक्ष समोरच्या काकांच्या चष्म्यावर. आजी मात्र पिशवी मांडीवर ओढून घेते. पोर्तुगीज १९६१ सालीच गेले, पण जकातवाल्यांचा भरवसा कुणी द्यावा? खरं तर आज ते असते, तर या एका पिशवीपायी गाडी दुसऱ्या दिवशी सुटली असती. सहाण कशासाठी, हे लिहायला त्यांच्या नोंदवहीत रकानाच सापडला नसता.

कुळेंला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. पुढची चढण सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पुढच्या इंजिनाला एकट्याने ते झेपत नाही. रेल्वेवाले या मागच्या इंजिनांना बँकर म्हणतात. मुलगा हे रंगवून सांगतो. शिट्टी पुढच्याची, फोटो पुढच्याचे, मागची नुसती ढकलतात. सून एकदा सासूकडे बघते आणि सहाणीवरून तोंडाशी आलेलं वाक्य गिळते.

मग बोगदे, वळणं, माकडं. डबाभर माणसं एका बाजूला सरकतात: दूधसागर! तीनशे मीटरवरून कोसळणारं पाणी, तुषार थेट खिडकीत. नेमक्या त्याच क्षणी आजी खिडकी खाली ओढते.

"आई, अहो, धबधबा!"

"पोराला वारा लागेल. धबधबा काय, पुढच्या वर्षीही असणार."

खिडकी पुन्हा वर जाईपर्यंत डोंगर आडवा आलेला असतो. बाबला दुःख नाही. त्याला थर्मासचं झाकण मिळालेलं असतं.

इतक्यात पलीकडच्या बाकावर दुसरं एक बाळ घाटाच्या वळणांना शरण जातं. त्याच्या आईजवळ एक रुमाल आणि भरपूर संकोच. आजी उठते. ओला पंचा, कोरडं झबलं, दुपटं, मग सहाणीवर उगाळलेलं वेखंड कपाळाला. कपाळाला लावून ओकारी थांबते की नाही कोण जाणे, पण बाळ त्या वासाने चकित होऊन गप्प होतं. आजी काही बोलत नाही. फक्त सुनेकडे एक नजर टाकते, आणि त्या नजरेत दोन पिढ्यांचा वाद निकालात निघतो.

कॅसलरॉकला मागची इंजिनं सुटतात. आजीची ड्यूटी तिथे संपत नाही. पुढच्या वर्षी बाब बालवाडीत जाणार. सगळ्यात मोठं दप्तर कुठल्या दुकानात मिळतं, याची चौकशी तिने परतीच्या गाडीतच सुरू केली आहे.