पाऊस ओळखायला शिका: नवशिक्यांसाठी चार पाठ

साहित्य: नाक (सर्दी नसलेलं), कान, डोळे आणि मूठभर माती. मोबाइल खिशातच ठेवावा. त्यातलं ढगाचं चित्र चोरून बघायचं आणि मग 'मला आतून जाणवतंय' म्हणायचं, हे नियमात बसत नाही.
मुहूर्त: मृग नक्षत्राच्या आगेमागे, म्हणजे 7 जूनच्या सुमारास.

पाठ 1: नाक
अंगणात उभे राहा. मातीचा वास आला की लगेच गहिवरू नका. जमिनीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपल्या नाकाला कळतात. याच नाकाला शेगडीवर करपणारं दूध कळत नाही, ही तक्रार घरच्यांनी वेगळ्या अर्जावर करावी. वास आला म्हणजे वारा येतोय त्या बाजूला कुठेतरी सर पडली. ती तुमच्याकडे येईल, असं तिने कबूल केलेलं नाही.

पाठ 2: कान
पावशा पक्षी 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं ओरडतो. ऐकून पेरणीची पाभर बाहेर काढू नका. तो ऐन उन्हाळ्यातही घसा फोडत असतो. त्याला जोडीदार हवी असते. आपल्या पेरणीशी त्याचं देणंघेणं नाही.

पाठ 3: डोळे
चातक शोधा. काळापांढरा, डोक्यावर तुरा. आफ्रिकेतून तो पावसाळी वाऱ्यांबरोबर येतो, म्हणून त्याची साक्ष पावशापेक्षा भरवशाची. कवितेत तो थेंबासाठी झुरतो. प्रत्यक्षात केसाळ सुरवंट आवडीने खातो आणि अंडी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात घालून मोकळा होतो. दर्शन झाल्यावर भक्ती थोडी आवरावी.

पाठ 4: हात
पाऊस पडला! आता खरा अभ्यास सुरू. उघडीप मिळाली की मूठभर माती घेऊन दाबा. गोळाच होत नसेल तर ओल कमी. बोटांना चिकटली तर चिखल. गोळा झाला आणि वरून सोडल्यावर फुटून मोकळा झाला, तर वाफसा आला. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. पहिल्या सरीला भुलून पेरणाऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते, आणि बियाण्याचे पैसे परत करायला पावशा येत नाही.

परीक्षा
प्रश्न एकच: पाऊस कधी येणार?
'उद्या नक्की' असं छातीठोकपणे सांगणारा नापास. 'बघू, ओल किती खाली गेलीय' म्हणत मातीत बोट खुपसणारा पास. नापासांनी खचून जाऊ नये. वृत्तवाहिन्यांना जूनमध्ये माणसं लागतातच.