बाल्कनीतली शेती

कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ असे वाण दिले. शेजारच्या खालापुरात हल्ली जोमाने येतं ते एनए प्लॉटचं पीक. त्याला ना चिखलणी लागते, ना लावणी. आजोबांच्या खाचरावर उभ्या राहिलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, नातवाने लेकीसाठी ‘किचन गार्डन’ केलंय. माती ऑनलाइन मागवलेली, किलोच्या भावाने. चार वर्षांची मालकीण रोज मेथीचं रोप उपटते, मूळ वाढलं का बघते आणि पुन्हा खोचते. इतकी कडक पीकपाहणी तलाठ्यालाही जमायची नाही. पाणी सढळ, त्यामुळे खालच्या काकूंचे पापड सुकायचे राहिलेत.

आजोबा रविवारी कुंडीत डोकावून पणतीला विचारतात, “बाय, औंदा किती खंडी?”

“एक पराठा!”