पाऊससाहेब, आमचं पंधरा दिवसांचं ऊन

प्रति,
श्रीमंत नैऋत्य मोसमी पाऊससाहेब,
मु. पो. अरबी समुद्र, व्हाया केरळ

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सर्वप्रथम आपलं मनःपूर्वक अभिनंदन. २०२५ साली आपण २४ मे रोजी केरळात, २५ला तळकोकणात आणि २६ला मुंबई-पुण्यात पोचलात. मुंबईतली आपली रीतसर तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत आपलं सर्वांत लवकरचं आगमन २९ मेचं होतं. तो विक्रम आपण मोडलात. जाता जाता कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा आकडाही मागे टाकलात. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, आपण मुंबईला २५ जूनपर्यंत ताटकळत ठेवलं होतं, आणि त्याच दिवशी दिल्लीतही हजेरी लावली होती. थोरामोठ्यांना पंचांग दाखवायचं नसतं, एवढी रीतभात आम्हाला आहे.

गारव्याबद्दल तर किती आभार मानावेत! एप्रिलात अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला होता. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, रात्री पंखा गरम वारा फेकत होता. आपण आलात आणि दोन दिवसांत लोक चादरी शोधू लागले. गॅलरीत चहा आला, कांदाभजी आली, मोबाइलवर ढगांचे फोटो फिरले. ‘यंदा उन्हाळा लवकर सरला बुवा,’ असं म्हणत मंडळींनी आपली तोंडभर स्तुती केली.

त्या भज्यांतल्या कांद्याविषयी दोन शब्द बोलण्याची परवानगी असावी.

निफाड, चांदवड, येवला, सटाण्याकडे उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावतात आणि मार्चअखेरीपासून मेपर्यंत काढतात. हाच कांदा टिकतो. कांदाचाळीत नीट भरला तर पुढचे चार-पाच महिने निघतो, म्हणजे पोरांच्या शाळेची फी, खरिपाचं बियाणं, सोसायटीचा हप्ता आणि जमलं तर दिवाळी. पण तो टिकवायला आधी वाळवावा लागतो. उपटलेला कांदा पातीसकट वावरात पडू द्यायचा, एकाची पात दुसऱ्यावर येईल असा झाकायचा, पात सुकली की मान राखून कापायची, मग सावलीत पोळ घालून थांबायचं. मान पक्की वाळली तरच कांदा चाळीत जातो. या सगळ्याला खर्च एकाच गोष्टीचा लागतो, कोरड्या उन्हाचा, आणि ते आजवर मे महिना फुकट देत आला.

आपण नेमका तोच मुहूर्त धरलात. काही कांदा जमिनीत होता, काही पातीखाली, काही बांधाला पोळ घालून. आपण कोणालाच वगळलं नाहीत, सगळ्यांना सारखंच भिजवलंत. ज्यांनी रात्री बॅटरीच्या उजेडात प्लॅस्टिकचे कागद धरून धावाधाव केली, त्यांच्या पोळीत आपण खालून शिरलात. आपल्या या समदृष्टीला तोड नाही.

भिजलेला कांदा घेऊन शेतकरी लासलगाव-पिंपळगावच्या मोंढ्यावर गेला, तेव्हा तिथेही आपली कीर्ती पोचलेली होती. लिलावात व्यापारी ट्रॉलीत हात घालतो, एक कांदा काढून मानेपाशी दाबतो आणि बोली खाली आणतो. त्याच्या अंगठ्याला ओल कळते. ज्यांनी विकला नाही, चाळीत भरला, त्यांना आपला प्रसाद थोडा उशिरा मिळाला. काही आठवड्यांनी चाळीजवळून जाताना वास येतो. मग घरच्या बायका चाळ उघडून बसतात, एकेक कांदा हातात घेतात, काजळी धरलेला वेगळा, कोंब फुटलेला वेगळा, पाणी सुटलेला उकिरड्यावर. शेतकऱ्याला ‘भाव वाढेपर्यंत ठेवू की आत्ता विकू’ ही चिंता दरवर्षी झोपू देत नाही. आपण ती चिंता मुळापासून मिटवलीत. धन्यवाद.

वीटभट्टीवाल्यांनाही आपण विसरला नाहीत. रायगड, ठाणे, पालघरच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उतरतात. येताना उचल घेतलेली असते आणि ती फेडायची म्हणून नवरा-बायको मिळून पहाटेपासून विटा पाडतात. हजारी विटांवर मजुरी. पाडलेली वीट उन्हात वाळते, मग भट्टीत जाते. मेच्या अखेरीस हिशेब करून ही माणसं पाड्यावर परततात, कारण पावसाच्या आधी घराचं कूड-छप्पर करायचं असतं. आपण हिशेबाच्या आधी आलात. वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल केलात. त्या विटा मालकाच्या खात्यात मोडल्या की मजुराच्या, हे विचारायला आपण थांबला नाहीत. आमच्यापैकीही फारसं कोणी थांबलं नाही.

पेण-उरणच्या मिठागरांत मीठ अजून वेचायचं होतं. त्यात आपण गोडं पाणी घातलंत. आगऱ्यांनी आपल्याला काय आशीर्वाद दिला असेल ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

कोळीवाड्यांचं काय सांगू? मासेमारीबंदी १ जूनपासून असते, ३१ जुलैपर्यंत. बंदीच्या आधीचे मेचे दिवस म्हणजे दोन महिन्यांची बेगमी. आपण कोकणच्या किनाऱ्याशी कमी दाबाचा पट्टा घेऊन आलात, समुद्र खवळवलात, होड्या बंदीआधीच किनाऱ्याला ओढायला लावल्यात. बरं, धरलेली मासळी तरी सुकवावी, तर वलांडीवरचे बोंबील आणि फडक्यावर पसरलेला जवळा आपण ओला केलात. सुकं भिजलं की त्याला किडा लागतो. पावसाळ्यात कोळणीच्या टोपलीत तेच असतं, आणि त्या टोपलीवर तिचं घर चालतं. आपण तिला पावसाळाभर विश्रांती दिलीत म्हणायची.

हापूसच्या बागांत शेवटचा आंबा कॅनिंगला जायचा होता. तो झाडाखाली कुजला.

गच्चीवरच्या कुरडया आणि सांडगे मी यादीत धरत नाही. ज्या बायका ते विकून वर्षाचा खर्च काढतात, त्या मात्र धरतात.

आणि जमीन! आपण आलात म्हणजे बळीराजा सुखावला, अशी बातमी त्याच दिवशी झळकली. ती लिहिणाऱ्याने मे महिन्यात काळं रान पाहिलेलं नसावं. नांगरलेली जमीन मेभर तापावी लागते. ढेकळं उन्हाने फुटतात, हुमणी आणि इतर किडींचे कोष उघड्यावर येऊन मरतात, हरळीच्या काशा सुकतात. मग कुळवाच्या पाळ्या, मग धसकटं वेचणं, आणि मग मृगाची वाट. आपण वाटच पाहू दिली नाहीत. रान चिबडलं, वापसा होईना, ट्रॅक्टर बांधाला उभा राहिला. पेरणीच्या आधीच तण उगवलं. तण काढायची मजुरी आपण भरणार नाही, हे आम्ही गृहीत धरलंच आहे.

इथवर सगळं सोसलं असतं. आपण आलात तर राहाल, असं तरी वाटलं होतं. पण मेच्या अखेरीस आपण जिथे होतात तिथेच थबकलात, ते जूनच्या मध्यापर्यंत. विदर्भात पारा पुन्हा चाळिशीपलीकडे गेला. कृषी खातं सांगत राहिलं की पुरेशी ओल झाल्याशिवाय, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. खात्याचं खरंच होतं. पण ढग गडगडतात, शेजारचा तिफण जुंपतो, आणि उसनवारीने आणलेली सोयाबीनची बॅग घरात पडलेली असते. ज्याने धीर धरला त्याच्या मनात धाकधूक, ज्याने पेरलं त्याच्यापुढे दुबार पेरणी. पाहुण्याने आल्या आल्या दारातूनच अंतर्धान पावावं, ही आपली अदा विलक्षण आहे.

आता राजधानीकडे वळू. २६ मेच्या सकाळी मुंबईत आपण लोकलचे रूळ बुडवलेत आणि वरळीच्या आचार्य अत्रे चौकातल्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पायऱ्या उतरून गेलात. स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. उद्घाटनाला आपल्याला बोलावलं नव्हतं, त्याचा राग असेल. नालेसफाईच्या कामांना ३१ मेपर्यंत मुदत असते. आपण पाच दिवस आधी आलात. यात चूक अर्थातच आपली. ठेकेदाराची वेळ पाळणं हे आपलं कर्तव्य होतं. बारामती-दौंडकडे आपण मे महिन्यात ओढ्यांना पूर आणलेत, तिथेही ‘अनपेक्षित’ हाच शब्द ऐकू आला.

साहेब, इथे मात्र मला आपली बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती अगदी मनापासून.

आपण अनपेक्षित नव्हतात. हवामान खात्याने १० मे रोजीच जाहीर केलं होतं की आपण २७ मेला केरळात येणार, चार दिवस इकडे किंवा तिकडे. आपण त्या चार दिवसांच्या आतच आलात. म्हणजे वर्दी आली होती, दोन आठवडे हातात होते. त्या दोन आठवड्यांत नाले उपसता आले असते. स्थानकाच्या अर्धवट बांधलेल्या तोंडाशी भक्कम बंधारा घालता आला असता. गावोगावच्या कृषी सहायकाला कांदा काढणाऱ्यांना ‘आठ दिवस घाई करा, उघड्यावर ठेवू नका’ एवढं सांगत वाड्या-वस्त्या फिरता आल्या असत्या. भट्टीवर छप्पर नाही तर निदान मजुरांचा हिशेब तरी आठवडाभर आधी करायला लावता आला असता. यातलं पुरेसं काही झालं नाही. झालं ते एवढंच, की आपलं नाव घेऊन सगळे मोकळे झाले.

आपण फार सोयीचे गुन्हेगार आहात. आपल्याला नोटीस बजावता येत नाही, आपली चौकशी समिती बसत नाही, आपण उत्तर देत नाही. म्हणून तुंबलेल्या गटारापासून सडलेल्या कांद्यापर्यंत सगळं आपल्या खात्यावर टाकलं जातं, आणि खरं देणं ज्याच्याकडे निघतं तो छत्री उघडून निघून जातो.

मला आपल्याशी भांडायचं नाही. आपल्यावाचून आमचं पान हलत नाही. जायकवाडी आणि उजनी ही धरणं भरली नाहीत तर काय होतं ते मराठवाड्याला आणि सोलापूरला विचारावं. पण २०२५च्याच सप्टेंबरात आपण याच सोलापुरात आणि मराठवाड्यात सीनेच्या आणि गोदावरीच्या काठची उभी सोयाबीन मातीसकट नेलीत, आणि सरकारला ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. मेच्या नुकसानीला एवढा मोठा आकडा लागला नाही. ते विखुरलेलं होतं: एक पोळ, एक भट्टी, एक वलांडी, एक मिठागर. विखुरलेल्या माणसांचं नुकसान जोडून दाखवायला कोणी बसत नाही. या राज्यात मेचे शेवटचे पंधरा दिवस अनेकांसाठी सुट्टीचे नसतात, ते भांडवल असतात. ज्यांच्याकडे गोदाम नाही, शीतगृह नाही, सुकवायचं यंत्र नाही, त्यांच्याकडे ऊन असतं. आपण त्यांचं तेवढंच नेलंत.

म्हणून शेवटची प्रार्थना. जमल्यास पुढच्या खेपेला मृगाच्या आसपास यावं. रोहिणीत एखादी वळवाची सर पाठवावी, तिचं आम्ही स्वागतच करू. आणि लवकर येणं भागच असेल, तर आमचं एक काम करावं. आपण बंद दारातून, भुयारातून, कुठूनही आत शिरू शकता, आम्हाला तेवढा प्रवेश नाही. हे निवेदन योग्य त्या टेबलांवर नेऊन ठेवावं:

नालेसफाईची मुदत ३१ मेऐवजी १५ मे करा. पंचनामा करताना उभ्या पिकाइतकाच वावरात वाळत पडलेला कांदा, भिजलेली सुकी मासळी आणि विरघळलेली वीटही मोजा. आगमनाचा अंदाज जाहीर झाला की तो दुसऱ्या दिवशी गावच्या चावडीवर, भट्टीवर आणि बंदरावर माणूस पाठवून सांगा.

कळावे. लोभ आहेच, तो ७ जूननंतर वाढावा ही विनंती.

आपला नम्र,
मेच्या उन्हाचा एक हक्कदार