कीचक परमिट रूम

अद्भुतरम्य कादंबऱ्यांत आणि मोबाईलवरच्या खेळांत एक सराई हमखास असते. करकरणारे दार, गल्ल्यामागे एकडोळ्या मालक आणि एका पेल्याच्या बदल्यात दंतकथा सांगणारा म्हातारा. अशी सराई अचलपुरात काढायचे कुण्या हौशी माणसाच्या मनात आलेच, तर दंतकथांना तोटा नाही. एल राजा इथला, इमादशाहीची राजधानी इथली, गाविलगड तर डोक्यावरच. घोडे अडते ते पाटीवर.

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की, दारू विकणाऱ्या वा पाजणाऱ्या दुकानांना महापुरुषांची, महनीय महिलांची आणि गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत. पाटी मराठीत हवी, अक्षरेही ठसठशीत हवीत. गाविलगड बाद. एल राजा महापुरुष धरायचा की नाही, यावर समिती बसेल. उरला कीचक. तो ना महापुरुष, ना किल्ला. शिवाय पात्रताही भक्कम. महाभारतात सुदेष्णेने सैरंध्रीला दारू आणायला पाठवले ते याच्याच घरी. पुढे भीमाने त्याला संपवून दरीत फेकले आणि भीमकुंडात हात धुतले, असे शेजारच्या चिखलदऱ्यात आजही सांगतात. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रजांनी 1910 मध्ये बंदी घातली. पाटीवरच्या कीचकाला मात्र कुणाची हरकत दिसत नाही.

आत शिरलेल्या गिऱ्हाइकाकडे परवाना हवा. दारूबंदी कायदा 1949 चा, आणि तो अजून लागू आहे. म्हणजे महाराष्ट्रात कागदोपत्री दारूबंदीच; पिणारा तो अपवाद. एका दिवसाचा परवाना विदेशीसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. परवान्यावर कारण लिहिलेले असते: आरोग्याचे रक्षण.

“भाऊ, आरोग्य एक नाइंटी द्या,” असे मात्र अजून कुणी म्हणत नाही.

सराईची खासियत काय ठेवावी? उत्तर मेळघाटात आहे. चैत्राच्या सुमारास कोरकू बायापोरे उजाडण्याआधी मोहाखाली जातात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडलेला असतो. रात्रभर गळालेली फिकट, मांसल, बोटाला चिकटणारी फुले टोपल्यांत गोळा होतात. या फुलांची दारू देशी की विदेशी? एप्रिल 2022 मध्ये मंत्रिमंडळाने तिला विदेशी मद्याचा दर्जा दिला. हेतू चांगला होता. देशीचा शिक्का असला की भाव मिळत नाही, हे सरकारला ठाऊक. एल राजाची दंतकथा यापुढे काहीच नाही. सातपुड्यातले झाड, सातपुड्यातली माणसे आणि दारू परदेशची.

याउलट अस्सल देशी दारू ‘संत्रा’ या नावाने खपते. अचलपूर तालुका संत्र्याच्या पट्ट्यात, त्यामुळे परक्याला वाटेल, बागायतदारांचे भले झाले. पण ती बनते उसाच्या मळीच्या अर्कापासून. संत्रे फक्त वासापुरते. भाव पडला की इकडे खरी संत्री रस्त्याकडेला ओतली जातात आणि तिकडे दुकानात ‘संत्रा’ संपलेली असते.

गल्ल्यामागचा एकडोळ्या मात्र नुसता नोकर. खरा मालक राज्य उत्पादन शुल्क विभाग. दुकान कधी उघडायचे, गांधी जयंतीला कसे बंद ठेवायचे, मतदान संपण्याआधीचे 48 तास कुलूप कसे घालायचे, सगळे तोच बघतो. महसूल त्याचाच. आणि ज्या तिजोरीत तो जातो, तिच्यातूनच नशाबंदी मंडळाला अनुदान मिळते.

राहिली सराईची एखादी प्रथा. तीही तयार आहे, कादंबरीकाराला सुचली नसती अशी. बायांनी एकजुटीने दुकान बंद करण्याची मागणी केली की गावात मतदान लागते. मतपत्रिकेवर दोनच उमेदवार: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते आडवीला पडावी लागतात. म्हणजे कापूस वेचायला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली आणि दोन वर्षांपूर्वी वारलेली पण यादीत नाव तसेच असलेली, या सगळ्याजणी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात.