सी नंतर एच

कोल्हापुरात उद्यमनगरात जितकी वर्कशॉपं, तितके अण्णा. पंपांचे सुटे भाग विकणारे, पोटमाळ्यावर ऑफिस थाटलेले, आणि "आपलं सगळं कसं उघड असतंय" म्हणत ड्रॉवरला दोन कुलपं घालणारे. अशा अण्णांकडं विक्रीची नोंद वहीतून ऑनलाइन शीटवर गेली, की त्यांची पहिली चौकशी एकच: "ह्यात कॉलम झाकता येत्यात काय?"

हे रक्तातच असतं. आजोबा शाहूपुरीत गुळाचे अडते. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ती पेठ. आजोबांची खातेवही मोडीत, आणि मोडीही अशी वळणदार की दुसऱ्या दिवशी त्यांची त्यांनाच लागायची नाही. चुलते बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे. अण्णांच्या हाती रुमालाऐवजी माऊस आला, एवढंच.

पहिल्यांदा डी, म्हणजे खरेदी दर झाकला. ते रास्तच होतं. खरेदी दर कळला की सेल्समन गिऱ्हाइकाच्या बाजूनं घासाघीस करायला लागतो. मग ई, डीलरचं कमिशन. निपाणीवाल्याला काय दिलं ते गडहिंग्लजला कळता कामा नये. मग एफ, उधारी. ती धाकट्या भावापासून झाकली, कारण तो वसुलीच्या वेळी "आवं, आपलं पावणं हाईत ते" म्हणून आडवा येतो. शेवटी जी, म्हणजे शेरा. एका गिऱ्हाइकापुढं अण्णांनी स्वहस्ते लिहिलं होतं: "पैशाला वाईट. पण दुपारी गेलं तर तांबडा-पांढरा."

आता स्क्रीनवर ए, बी, सी आणि एकदम एच. उघडे असते तर त्या चार कॉलमांकडं कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. आता सातही सेल्समन चहाला जमले की विषय एकच, मधली चार कुठं गेली?

हिशेबाच्या बाईंनी समजावून बघितलं. "अण्णा, झाकणं म्हणजे दाराला पडदा. नुसतं बघायची परवानगी असली तरी प्रत काढून कुणीबी पडदा सारतंय. पोरांना वेगळी फाइल देऊया, त्यांचेच कॉलम घालून. ते खरं कुलूप."

अण्णा गंभीर झाले. "किल्ली कुणाकडं ऱ्हाणार?"

"माझ्याकडं. खातं माझ्या नावावर हाय न्हवं."

"मग पडदाच बरा."

तसं पडद्याचंही फारसं अडत नव्हतं म्हणा. फोन आला की अण्णा केबिनचं दार लावून घेतात आणि "मला दोनशे चाळीसला पडतंय रं! तुला काय फुकट देऊ?" असं इतक्या गुपचूप सांगतात की खालचा लेथवालाही मशीन बंद करून आकडा नीट ऐकून घेतो.

पण शेरा काही फोनवर ऐकू येत नाही. तो नुकत्याच डिप्लोमा झालेल्या पोरानं काढला. फाइलची प्रत, सी ते एच निवडले, राइट क्लिक, अनहाइड. तेवढ्यात चहाही निवला नाही.

त्या दिवसापासून सातही जण पाळीपाळीनं त्या एका गिऱ्हाइकाकडं जातात, बरोबर साडेबाराला. भेटींचा कॉलम उघडा आहे. अण्णा तो धाकट्या भावाला कौतुकानं दाखवतात: "बघ, न सांगता भर उन्हात फिरत्यात पोरं."