कूलरसमोरची चित्रं

आपल्याकडच्या कलेला थंडी मानवते. मुंबईचा काळा घोडा महोत्सव 1999 पासून भरतो, तो हिवाळा सरता सरता. पुण्याचा सवाई डिसेंबरात, शाल आणि थर्मास घेऊन ऐकायचा. पणजीचा सेरेंडिपिटीही डिसेंबरातच. कोचीच्या बिनालेवाल्यांनी तर 12-12-12 असा मुहूर्त काढून पहिला नारळ फोडला. उन्हाळ्यात तग धरून आहे ती पुण्याची वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये ती सुरू केली आणि ती आजही एप्रिल-मेमध्येच होते. पण व्याख्यानं संध्याकाळची, गाव पुणे, आणि घाम फुटायचाच तर तो वक्त्याला.

म्हणून नागपूरच्या एका हौशी मंडळाचं पत्र आलं, की विदर्भातल्या कलादालनांनी मे महिन्यात एकाच आठवड्यात आपापली दारं उघडून उन्हाळी कला महोत्सवात भाग घ्यावा, तेव्हा मी महिना पुन्हा एकदा वाचला. मेच होता. पुढ्यात नवतपा होता. सूर्य रोहिणीत शिरला की पहिले नऊ दिवस जे तापतं, त्याला आमच्याकडे नवतपा म्हणतात. त्या दिवसांत यवतमाळात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर जो दिसेल, तो एकतर लग्नाच्या वरातीत सापडलेला असतो किंवा बँकेत कर्ज मागायला निघालेला असतो.

"भाग घेऊन टाकू," सर म्हणाले.

सर म्हणजे निवृत्त कलाशिक्षक. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं, आणि माठाची सावली कोणत्या बाजूला पडते हे ज्ञान घराघरांत पोचवलं. त्यांचाच एक विद्यार्थी पुढे कापसाचा व्यापारी झाला. इंटरमिजिएटच्या वाढीव गुणांनी त्याचा दहावीचा टक्का सजला होता. त्या उपकाराची फेड म्हणून त्याने सरांना आपलं टिनाचं गोडाऊन वापरायला दिलं. हेच आमचं कलादालन.

गोडाऊन अर्थात बारा महिने मिळत नाही. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागतो, तो हलायला एप्रिल उजाडतो. मृगाआधी खताच्या बॅगा आणि सरकीची पाकिटं येऊन पडतात. मधला महिनाभर जागा रिकामी, तोच आमच्या कलेचा हंगाम. जगातली कलादालनं उन्हाळ्यात फुलतात, कारण तेव्हा माणसं सुटीवर असतात. आमचं उघडतं, कारण कापूस सुटीवर असतो. पूर्ण सुटीवर मात्र तो कधीच जात नाही. आढ्याला, पत्र्याच्या सांदीत, भिंतीच्या खरखरीत तो उरतोच आणि पंखा लावला की हळूहळू खाली उतरतो. एका मुलीने हिमालयाचं तैलचित्र ओलंच टांगलं होतं. रात्रीतून त्यावर खरोखरची पांढरी लव बसली. पुढे प्रदर्शनभर त्या बर्फाची फार तारीफ झाली.

महोत्सवाचा अर्ज भरायचा होता. 'वातानुकूलन' या रकान्यात आम्ही लिहिलं: कूलर दोन, पैकी चालू एक. 'अग्निशमन व्यवस्था': समोर रसवंती आहे. 'क्युरेटर' या रकान्यात माझं नाव गेलं, कारण मला कॉलेजची सुटी होती. क्युरेटरने नेमकं काय करायचं असतं यावर मोठमोठे ग्रंथ असतील. आमच्याकडे त्याने कूलरमध्ये पाणी भरायचं होतं.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा धरण आटलं आणि अख्खं शहर टँकरकडे डोळे लावून बसलं. तेव्हापासून यवतमाळात बकेट घेऊन कोण कुठे चाललंय याकडे गावाचं बारीक लक्ष असतं. मी दोन बकेटी घेऊन गोडाऊनकडे निघालो की शेजारच्या काकू फाटकात उभ्या राहत.

"कायले नेता एवढं पानी?"

"प्रदर्शन आहे ना काकू, चित्रांचं."

"चित्राले पानी पाजता का?"

पाजत नव्हतो, पण चित्रं पीत होती. कूलरच्या दमट वाऱ्याने जलरंगाचे कागद पोट फुगवून फ्रेममधून बाहेर यायला लागले. मग सरांनी एक नियम केला: तैलरंग कूलरजवळ, जलरंग लांब, पेन्सिल-कोळसा दाराशी. मोठ्या संग्रहालयांत चित्रं शतकांप्रमाणे लावतात, शैलीप्रमाणे लावतात. आमची दमटपणाप्रमाणे लागली. नागपूरच्या अजबबंगल्यातही अशी मांडणी सापडायची नाही, आणि तो 1863 पासून उभा आहे.

टांगायच्या उंचीचाही घोळ झाला. जहांगीरसारख्या ठिकाणी चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येईल असा धरतात. आम्हीही तसाच धरला. मात्र 44 अंशांत चालत आलेला माणूस आत शिरला की उभा राहत नाही, बसतो. आणि कूलरसमोर बसलेला थोड्या वेळाने आडवा होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी चित्रं अडीच फुटांवर आणली. सतरंजीवर कुशीवर झोपलेल्याच्या डोळ्यांची रेषा धरून लावलेलं देशातलं दुसरं प्रदर्शन कोणाला माहीत असेल तर सांगावं राजेहो.

उन्हाळ्यात चित्रं मांडायची ही टूम मुळात विलायतेची. लंडनची रॉयल अकादमी 1769 पासून दरवर्षी, एकही साल न चुकवता, उन्हाळी प्रदर्शन भरवते आणि त्यात कोणीही चित्र पाठवू शकतो. त्यांना ते परवडतं. त्यांचा उन्हाळा म्हणजे आमची संक्रांत. 2022 च्या जुलैत इंग्लंडात पारा पहिल्यांदा 40 च्या वर गेला, तेव्हा रूळ वाकतील म्हणून तिथे आगगाड्या हळू चालवल्या. त्याच इंग्रजांच्या एका कंपनीने आमचा कापूस ओढून न्यायला मूर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज टाकली होती, आणि ती आमची शकुंतला बाराही महिने हळूच चालायची. आता तीही चालत नाही.

उद्घाटन सकाळी नऊला ठेवलं होतं. प्रमुख पाहुणे अकराला आले, म्हणजे दोन तास आणि पाच अंश उशिरा. दीपप्रज्वलनासाठी तबकात ठेवलेली मेणबत्ती एव्हाना कमरेत वाकली होती. पाहुण्यांनी ती उचलली, तर ज्योतीकडचं टोक त्यांच्याच मनगटाकडे बघत होतं. ते कसंबसं निभावलं, पण समई लागेना. कूलरचा वारा थेट समईवर. कूलर बंद करा, असं सूत्रसंचालक माइकवरून म्हणाले. सभागृहात अशी शांतता पसरली, की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. शेवटी दोन पोरांनी भिंतीवरचं एक मोठं चित्र उतरवून आडोशाला धरलं. चित्र होतं कोकणातल्या समुद्राचं. त्या समुद्राच्या मागे समई लागली, टाळ्या झाल्या, आणि समुद्राचा खालचा डावा कोपरा किंचित काळा पडला.

पाहुणे भाषणाला उभे राहिले. यवतमाळ ही साहित्यनगरी आहे, म्हणाले. 1973 चं साहित्य संमेलन इथे झालं, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. 2019 चं ब्याण्णवावं संमेलनही इथेच झालं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. हे सगळं खरं आहे. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यामुळे त्या वेळी भर जानेवारीत इथलं वातावरण कसं तापलं होतं, हे मात्र त्यांनी गाळलं. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव एका ठरावीक बातमीनेच येतं, ते कधीतरी चित्रांमुळे यावं, असं शेवटी म्हणाले आणि पन्हं पिऊन लगेच निघाले. त्यांना आणखी दोन उद्घाटनं होती.

समुद्राचं इथे एक सांगून टाकायला हवं. प्रदर्शनातल्या निम्म्या चित्रांत समुद्र, नारळ, होड्या आणि लाल मातीची वाट होती. यवतमाळहून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. चित्र काढणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो कॅलेंडरवरच पाहिला होता. मी सरांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "जे आपल्याकडे नाही ते काढावं. कोणी तपासत नाही."

त्यांनी स्वतः मात्र या वेळी इथलं चित्र काढलं होतं. मागे डोंगराची रेघ, मध्ये पेटलेले पळस, पुढे पांढऱ्याशुभ्र कापसाने भरलेलं शेत. लाल आणि पांढरा, असा रंगांचा विचार त्यामागे होता. तीन फूट रुंद, कूलरच्या अगदी समोर, मानाची जागा.

दुपारी साडेबारानंतर गोडाऊन भरायला लागलं. बसस्टँडवरून आलेले, मंगल कार्यालयातून पंगत उठेपर्यंत सटकलेले, डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा असलेले, सगळे आत. आम्ही चित्रांच्या याद्या छापल्या होत्या. त्या पाहता पाहता संपल्या, तेव्हा मला वाटलं, गावात रसिकता आहे. मग लाइन गेली, आणि बघतो तर सगळं सभागृह एका लयीत याद्या हलवतंय. एक काकाजी माझ्याजवळ येऊन प्रेमाने म्हणाले, "पुढच्या साली जाड कागदावर छापा. याच्यापरीस लग्नपत्रिका बरी."

लाइन गेल्यावर कोणी उठून जाईल म्हणाल, तर तेही नाही. बाहेर त्याहून वाईट होतं. मोबाइल तापून बंद पडलेले, बोलायचं ते बोलून झालेलं. मग माणसं चित्रं बघायला लागली. अशी बघणारी माणसं मी मोठ्या शहरातल्या दालनांत पाहिलेली नाहीत. तिथे लोक चित्रासमोर येतात, मान तिरकी करतात, फोटो काढतात आणि चहाकडे वळतात. इथे दोन म्हातारे एका अमूर्त चित्रासमोर तासभर बसले होते. नागपुरात शिकलेल्या एका तरुणाने काढलेले ते नुसते हिरवे-तपकिरी तुकडे होते. मी जवळ गेलो, तेव्हा एक जण म्हणत होता, "हा धुरा त्यानं सरकवला आहे." दुसऱ्याचं म्हणणं, धुरा पहिल्यापासूनच तिथे होता. वाद तहसीलपर्यंत जायचा, तेवढ्यात लाइन आली.

आणि एक शेतकरी होते. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेत आले होते. दुसऱ्या बँकेचा नो ड्यूज पाहिजे, उद्या या, असं त्यांना सांगितलं होतं. परतीची बस चारला. ते सरांच्या चित्रासमोर मांडी घालून बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सरांना बोलावलं.

"सर, हे कोनत्या महिन्यातलं हाये?"

"फाल्गुन. पळस फुललाय ना."

"मंग कापूस कसा उभा शेतात?"

सर गप्प.

"म्हंजे फरदड ठेवली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "नका ठेवू सर. डिसेंबरात उपटून टाकाचं. फरदडीवर बोंडअयी वाढते, अन् मंग आजूबाजूच्याईचंही वावर खाते. तुमी शिकलेले मानसं."

गुलाबी बोंडअळीने 2017 साली या जिल्ह्याचा कापूस कसा फस्त केला, हे सरांना माहीत होतं. कृषी खातं दरवर्षी फरदड घेऊ नका म्हणून पत्रकं काढतं, तेही माहीत होतं. चित्रालाही ते लागू आहे, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या रात्री ते गोडाऊनमध्ये थांबले. सकाळी पाहतो तर पळसाखालचा पांढरा गेला होता, आणि नांगरट केलेलं काळं रान पसरलं होतं. धुऱ्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग, त्यातलीच एक मोळी बाईच्या डोक्यावर. खरं सांगायचं तर चित्र आता फार चांगलं झालं होतं.

शेतकरी दुसऱ्या दिवशीही आले, कारण नो ड्यूजवर शिक्का गोल नसून चौकोनी होता. चित्रासमोर बसले. मान हलवली. "आता बरोबर हाये," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "बाईच्या पायात चप्पल द्या. फन टोचतात." फण म्हणजे पऱ्हाटी उपटताना राहिलेले बुडखे. सरांनी तिथल्या तिथे चप्पल काढली. बँकेने त्यांना आणखी दोनदा उद्या बोलावलं असतं, तर त्या चित्राला राज्य कला प्रदर्शनात बक्षीस मिळालं असतं, अशी माझी खात्री आहे.

नागपूरच्या मंडळाची समिती पाहणीला आली ती भर दोन वाजता. त्यांची गाडी वाटेत दोनदा तापली होती. इतर गावी त्यांना कुलूपं दिसली होती, नाहीतर आयोजक आणि आयोजकांचे मेहुणे. इथे दार उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नाही, आणि प्रत्येकाचं तोंड भिंतीकडे, कारण कूलर भिंतीतच होता. समितीतल्या बाईंनी विचारलं, लोक साधारण किती वेळ थांबतात? मी म्हणालो, पाचपर्यंत. त्यांनी शेरा लिहिला: अभूतपूर्व प्रतिसाद. मग त्याही सतरंजीवर बसल्या. अडीच फुटांवरची चित्रं पाहून हा मांडणीतला काही नवा विचार आहे का, असंही विचारलं. मी हो म्हणालो.

विक्री व्हायची चिन्हं नव्हती. शेवटच्या दिवशी एक गृहस्थ आले. चित्रांच्या खालची नावं न वाचता ते वितीने फ्रेमा मोजत फिरत होते. कोकणच्या समुद्रापाशी थांबले.

"तीन बाय तीन?"

"बरोबर," सर म्हणाले.

"पावसाळा लागला का कूलर उतरवतो मी. खिडकीत तेवढंच भोक राहते, होळीपर्यंत. दरसाली प्लायवूड ठोकतो, बायको म्हनते वंगाळ दिसते." त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काळं काय हाये?"

"जहाजाचा धूर," सर म्हणाले.

"कमी करा मंग काही. धुराचे कायले पैसे?" भावात ओढाताण झाली, रक्कम ठरली. पाकीट काढता काढता ते थांबले. "पन मागून पानी लागन ना सर. पावसाचं. चालन का?"

"समुद्र आहे तो," सर म्हणाले. "त्याला पाण्याचं काय?"

गृहस्थांना ते पटलं. खिळे सोबत देता का, एवढंच त्यांनी विचारलं.