मोत्याचा विमा

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर टेबल, त्यावर कुत्र्याचा गळपट्टा, एक जाड फाइल आणि पाण्याचा तांब्या. सादरकर्ता प्राध्यापकी थाटात येतो, चष्मा लावतो, गळपट्टा उचलून प्रेक्षकांना दाखवतो. प्रयोगभर चेहरा गंभीर. हसायचं काम प्रेक्षकांचं.)

कुत्र्याचा विमा म्हणजे कुत्र्याच्या आजारपणाचा, अपघाताचा, हरवण्याचा किंवा मरणाचा खर्च कंपनीने उचलावा, यासाठी मालकाने दरवर्षी भरायचा हप्ता. या व्यवहारात तीन पक्ष असतात. पैसे भरतो तो मालक. पैसे देते किंवा देत नाही ती कंपनी. तिसरा पक्ष सोफ्यावर झोपलेला असतो आणि करार त्याच्याबद्दल आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

हा विमा नवा नाही. स्वीडनमध्ये कुत्र्याची पहिली पॉलिसी १९२४ साली निघाली. अमेरिकेत पाळीव प्राण्याच्या आरोग्यविम्याची पहिली पॉलिसी १९८२ साली निघाली, ती लॅसीच्या नावाने. लॅसी म्हणजे टीव्हीवरची प्रसिद्ध कुत्री. ती मादी, पण तिचं काम करणारे कुत्रे सगळे नर. (चष्म्यावरून बघत) अर्जातल्या ‘लिंग’ या रकान्यात काय लिहिलं असेल, यावर इतिहास गप्प आहे.

भारतात सरकारी विमा कंपन्या कुत्र्याचा विमा बऱ्याच वर्षांपासून विकतात, पण त्याची धाटणी गाईम्हशींच्या विम्याची. म्हणजे जनावराची बाजारातली किंमत ठरवायची, तेवढ्या रकमेचा विमा काढायचा आणि जनावर दगावलं की ती रक्कम मालकाला मिळायची. म्हैस दूध देते, तिच्या जाण्याने घर बसतं, तिथे हा हिशोब चोख. कुत्र्याच्या बाबतीत मात्र विम्याचा फायदा मिळायला आधी कुत्र्याने जावं लागतं. शिवाय किंमत ठरवताना जे होतं ते असं:

(एजंटच्या आवाजात, पेन सरसावून) “काका, कुत्रा केवढ्याचा?”

(आजोबांच्या आवाजात) “केवढ्याचा म्हणजे? जिन्याखाली सापडला. पावसात.”

“मग पावती नाही?”

“कसली? पावसाची?”

“अहो काका, किमतीचा पुरावा लागतो. जात कुठली?”

“त्याने सांगितली नाही. आम्हीही विचारली नाही. आमच्यात विचारत नाहीत.”

(पुन्हा प्राध्यापक) निष्कर्ष: मोत्याची बाजारातली किंमत शून्य. मोत्या गावठी. इथल्या उन्हापावसात पिढ्यान् पिढ्या तगून आलेला, सपाट नाकाचा नाही, वाकड्या कण्याचा नाही. विमा कंपनीच्या नजरेतून पाहिलं तर याच्यासारखं सुरक्षित गिऱ्हाईक मिळणं कठीण, आणि नेमकी त्याचीच किंमत लागत नाही. शेजारच्या फ्लॅटमधला ब्रूनो लॅब्रॅडॉर, पावतीचा. त्याच्या खुब्याचे सांधे वयाआधी झिजण्याची शक्यता वंशातच असते, तरी किमतीच्या रकान्यात मोत्यापेक्षा वरचढ.

दुसरा प्रकार २०२० पासून खाजगी कंपन्यांनी आणला. यात उपचारांचा खर्च मिळतो. मुळात शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात भरती होण्याचा खर्च, आणि त्यावर पैसे वाढवत जायचे: ओपीडी, गंभीर आजार, मृत्यू, चोरी किंवा हरवणं, आणि तिसऱ्या व्यक्तीला चावला तर त्याची भरपाई. पैशाच्या मोबदल्यात खरोखर काही हवं असेल तर याच प्रकाराकडे वळावं. मृत्यूचं कलम टाळलं तरी चालतं. मोत्या गेल्यावर आलेल्या चेकचं काय करायचं, हे कुणाच्याच घरात ठरलेलं नसतं. शस्त्रक्रियेचं कलम सोडू नये. कुत्र्याच्या पोटात काय जाईल याला धरबंध नाही, आणि ते बाहेर काढण्याचा खर्च आत गेलेल्या वस्तूच्या किमतीवर ठरत नाही.

(फाइलमधून लांबलचक बिल काढतो. ते टेबलावरून खाली लोंबतं.)

उदाहरण घेऊ. आकडे कल्पित, रीत खरी. ब्रूनो मोजा गिळतो. मोजा एकच, दुसरा घरभर शोधला जातो आणि त्या शोधातच निदान होतं. शस्त्रक्रिया आणि भूल २४,००० रुपये. दोन दिवस भरती ६,०००. सोनोग्राफी, एक्स-रे, रक्त तपासणी ५,०००. घरी न्यायची औषधं २,०००. खास खाणं आणि शाम्पू ३,०००. मोजा पोटात असताना शाम्पू कशाला, असा प्रश्न काउंटरवर कुणी विचारत नाही. एकूण ४०,०००.

(खिशातून लाल पेन काढतो.)

खाणं आणि शाम्पू पॉलिसीत बसत नाहीत. उरले ३७,०००. प्रत्येक दाव्यात पहिले २,००० मालकाचे, त्याला डिडक्टिबल म्हणतात. उरले ३५,०००. आता को-पे. वीस टक्के मालकाचे, म्हणजे ७,०००. उरले २८,०००. (थांबून, पान उलटतो) आणि इथे बारीक अक्षरात: एका शस्त्रक्रियेला कमाल २५,०००. हाती आले २५,०००.

(ब्रूनोच्या मालकाच्या आवाजात) “पण विमा तर पन्नास हजारांचा काढला होता!”

(एजंटच्या आवाजात, अत्यंत प्रेमाने) “आहेच ना काका पन्नासचा! उरलेले पंचवीस सुरक्षित आहेत. ब्रूनोने दुसरा मोजा गिळला की मिळतील.”

(प्राध्यापक) एका शस्त्रक्रियेची ही मर्यादा नसलेली पॉलिसी हजार-दीड हजारांनी महाग असली तरी या एका मोज्यात ३,००० जास्त मिळाले असते. स्वस्त पॉलिसी ओळखायची ती अशी, एखादं कल्पित बिल तिच्यातून खालपर्यंत गाळून. जाहिरातीत हप्त्याचा आकडा सगळ्यांत मोठ्या टायपात असतो आणि निवड करताना तोच सगळ्यांत कमी कामाचा.

ओपीडीच्या कलमाला वेगळा हिशोब लावावा. वर्षातल्या बहुतेक फेऱ्या खाज, कान आणि गोचीड यांच्यासाठी होतात. ओपीडीची वार्षिक मर्यादा आणि त्यासाठी भरायचा जादा हप्ता यांत फारसं अंतर नसेल, तर मालक स्वतःचेच पैसे कंपनीकडे ठेवून अर्ज करून परत मागत असतो. मुंबईत तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. अशा धर्मादाय दवाखान्यापर्यंत पोहोचणं सोयीचं असेल, तर किरकोळ दुखण्यांसाठी ओपीडीचं कलम घेण्याचं कारण उरत नाही.

आता जात. पॉलिसी निवडताना कुत्र्याच्या जातीला काय होतं ते आधी पाहावं आणि मग तेच वगळलेल्या गोष्टींच्या यादीत आहे का, ते शोधावं. बहुधा असतं. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डचे खुबे. डॅशंडचा मणका. पगचा श्वास, त्याला वरचा मजला आणि एप्रिल दोन्ही सोसत नाहीत. ग्रेट डेनचं पोट फुगून पीळ पडतो, आणि तेव्हा काही तासांत शस्त्रक्रिया लागते. जन्मजात आणि आनुवंशिक आजार वगळणाऱ्या पॉलिसीत लॅब्रॅडॉरचा विमा निघतो, पण खुबे सोडून. उरलेला ब्रूनो सुरक्षित.

मोठ्या हाडापेराच्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात, म्हणून त्यांना पॉलिसीत घेण्याचं कमाल वय बऱ्याच ठिकाणी कमी असतं. जुन्या धाटणीच्या पॉलिसींत प्रवेशाचं वय साधारण ८ आठवडे ते ८ वर्षं. पिल्लू असतानाच विमा काढावा, हा सल्ला कंपनीही देते आणि व्हेटही देतात. दोघांचं एकमत होणारी ही दुर्मीळ जागा.

जातीच्या रकान्यात एक खास भारतीय घोळ आहे. आपल्याकडे घरोघरी ‘पॉमेरियन’ म्हणून जे पांढरं, तिखट कुत्रं भुंकतं, ते पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतं.

(दुसऱ्या एका मालकाच्या आवाजात, दुखावून) “आमचा पॉमेरियनच आहे. पंधरा वर्षं सगळे त्याला पॉमेरियनच म्हणतात.”

सोसायटीत ते चालतं. प्रस्ताव अर्जात मात्र जात व्हेटकडून लिहून घ्यावी. अर्जातली माहिती चुकीची निघाली, तर दाव्याच्या वेळी कंपनीची स्मरणशक्ती अचानक तल्लख होते. तीच गोष्ट जुन्या आजारांची. मागच्या वर्षी झालेला गोचीडताप ‘किरकोळ होता’ म्हणून लपवला, तर या वर्षीचा गोचीडताप जुना आजार ठरतो, आणि अर्जातला खोटेपणा वर.

(तांब्यातलं पाणी पितो. तांब्या कुत्र्यापुढे ठेवावा तसा खाली ठेवतो.)

लसीकरणाची वही हा सगळ्यांत महत्त्वाचा कागद. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो आणि रेबीज या आजारांचे दावे लसी वेळेवर दिलेल्या असतील तरच विचारात घेतले जातात. ‘नाइन इन वन’ चुकली असेल, तर ती चूक नवातल्या प्रत्येक आजाराला मोजली जाते. या वहीची जागा घरात पासपोर्टशेजारी असावी. बहुतेक घरांत ती लाइट बिलांमध्ये सापडते.

पॉलिसी घेतल्यावर पहिले काही दिवस आजारपणाचा दावा चालत नाही. याला प्रतीक्षा कालावधी म्हणतात. तो किती दिवसांचा आणि कोणत्या आजाराला किती, हे कंपनीगणिक बदलतं. कुत्रा आजारी पडल्यावर विमा काढायला निघालेल्या मालकांसाठी हे कलम आहे. अशा मालकांची संख्या लक्षणीय असावी, नाहीतर कलम लिहिलंच गेलं नसतं.

ओळखीसाठी चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, मानेमागे कातडीखाली बसवतात, तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो. काही कंपन्या चिप असेल तर हप्त्यात सूट देतात. ही चिप जीपीएस नव्हे. स्कॅनर जवळ आणल्याशिवाय ती काहीच सांगत नाही, म्हणजे कुत्रा सापडल्यावर तो कुणाचा हे कळतं, कुठे आहे हे नाही.

आता तिसरी व्यक्ती.

(दारावर टकटक केल्याचा अभिनय. कुरिअरवाल्याच्या आवाजात) “पार्सल! कुत्रा बांधलाय ना?”

(आजोबांच्या आवाजात) “काही करत नाही तो! याऽऽ तुम्ही.”

(पाय उचलून, एका पायावर उभा राहत, प्राध्यापकी आवाजात) ‘काही करत नाही तो’ हे कुत्रापालनातलं सर्वांत महाग वाक्य. जनावर सांभाळण्यात हलगर्जी झाली आणि त्यातून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता निर्माण झाली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागू शकतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तृतीय पक्ष दायित्वाचं कलम घेतलं असेल तर चावलेल्याची कायदेशीर भरपाई कंपनी मर्यादेपर्यंत देते. दंड देत नाही. कैदेत मालकाच्या जागी एजंट पाठवत नाही. आणि बहुतेक पॉलिसींत घरातली माणसं आणि घरातले नोकर तिसरी व्यक्ती धरत नाहीत. आजोबांना चावला तर ती घरगुती बाब. तरीही फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणाऱ्याने हे कलम घ्यावंच. लिफ्ट लहान असते.

कराचा मुद्दा चटकन आटपता येतो. आयकरात आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जी वजावट मिळते तिच्यात स्वतः, जोडीदार, मुलं आणि आईवडील येतात. ब्रूनोला ‘आमचं धाकटं’ म्हणण्याने आयकर खात्याचं मत बदलत नाही.

नूतनीकरण मात्र नीट पाहावं. वयाबरोबर हप्ता किती वाढतो आणि कोणत्या वयाला कंपनी हात वर करते, हे पहिल्याच वर्षी विचारावं. कारण मध्येच कंपनी बदलली तर पहिल्या कंपनीच्या काळात झालेले आजार दुसरीच्या दृष्टीने जुने. माणसांच्या आरोग्यविम्यात पोर्टेबिलिटीची, म्हणजे जुने फायदे राखून कंपनी बदलण्याची, सोय आहे, ती इथे गृहीत धरू नये. आणि ज्या कुत्र्याला कुठलीच पॉलिसी नीट बसत नाही, म्हणजे वय उलटलेला किंवा आधीच आजारी, त्याच्यासाठी हप्त्याएवढे पैसे दरमहा वेगळ्या खात्यात टाकणं हाच शहाणपणाचा विमा. त्यात काहीच वगळलेलं नसतं. फक्त मोठं आजारपण पहिल्याच महिन्यात आलं तर खात्यात एकच हप्ता असतो.

(फाइल बंद करतो. गळपट्टा पुन्हा हातात.)

पॉलिसीबरोबर ग्राहक माहितीपत्रक येतं. ते दोन-चार पानांचंच असतं, आणि वाचायची सुरुवात वगळलेल्या गोष्टींपासून करावी. दावा करताना व्हेटची चिठ्ठी, मूळ बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट, लसीकरणाची वही आणि कुत्र्याचे फोटो लागतात. कंपनीला कळवायची मुदत चुकवू नये. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. तिथे फी नाही. वकील चालत नाही. आणि तक्रार मोत्याची असली तरी सही मालकाचीच लागते.

(अंधार. मागून एकदाच भुंकण्याचा आवाज. पडदा.)